एअर पिस्टलसाठी पेलेट कोणती घ्यावी: साधी की मॅच, हलकी की जड?

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात किंवा शहरातल्या एखाद्या खासगी रेंजवर १० मीटर एअर पिस्टल शिकू लागलेल्या नेमबाजापुढे पिस्टलनंतरचा पहिला खरा खर्चाचा निर्णय पेलेटचा, म्हणजे एअरगनच्या छोट्या गोळीचा, असतो. पिस्टल एकदाच घ्यायची, पेलेटची डबी मात्र संपत राहते. आठवड्यातून ५ दिवस, रोज ८० गोळ्या धरल्या तर महिन्याला १६०० होतात. म्हणजे ५०० च्या तीन डब्या संपून चौथी उघडलेली असते. त्यामुळे ‘सगळ्यात चांगली कोणती’ या प्रश्नाला अर्थ नाही. आज तुमचा हात जिथे आहे तिथे जास्तीचा पैसा टारगेटवर दिसेल का, एवढेच पाहायचे.

आधी हिशेब करू. एअर पिस्टलच्या टारगेटवर १० ची रिंग ११.५ मिलिमीटर व्यासाची असते. पेलेट ४.५ मिलिमीटरची, आणि तिची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य टारगेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी १० च. एअर रायफलमध्ये १० चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे हीच सूट २.५ मिलिमीटरवर येते. शिवाय रायफलच्या पात्रता फेरीत दशांश गुण मोजतात आणि ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. पिस्टलच्या पात्रता फेरीत पूर्णांक गुण असतात. दशांश येतात ते अंतिम फेरीत, आणि तिथेही ०.१ गुणाला ०.८ मिलिमीटर लागतात. रायफलवाल्या मित्राने सांगितलेली पेलेट डोळे झाकून पिस्टलसाठी घेऊ नये, त्याचे कारण हे आहे. त्याचा खर्च त्याच्या खेळात वसूल होतो, तुमचा होईलच असे नाही.

दुसरी गोष्ट अशी की हाताची चूक आणि पेलेटची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचे. समजा तुमच्या हाताचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचा पसारा, ३० मिलिमीटरचा आहे. पिस्टल घट्ट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्ये ८ मिलिमीटरचा ग्रुप देणारी साधी पेलेट वापरली तर एकूण ग्रुप साधारण ३१ होतो, आणि २ मिलिमीटर देणारी मॅच पेलेट (स्पर्धेसाठी बनवलेली) वापरली तर ३० च्या किंचित वर. फरक एका मिलिमीटरचा, आणि तो तुमच्या डोळ्याला दिसणारही नाही. आता हाताचा ग्रुप १२ वर आला असे धरा. मग साध्या पेलेटने १४.४ आणि मॅच पेलेटने १२.२ मिळतात. इथून पुढे पैसा टारगेटवर दिसू लागतो. ६०० पैकी साधारण ५५० च्या आसपास गुण सातत्याने येऊ लागले की मॅच पेलेटचा विचार करावा, असा आमचा सल्ला आहे. त्याआधी तोच पैसा जास्त गोळ्या झाडण्यात घालावा.

याचा अर्थ मिळेल ती स्वस्त पेलेट आणावी असा मात्र अजिबात नाही. अगदी खालच्या दर्जाच्या पेलेटचा सरासरी ग्रुप मोठा असतो, पण तो खरा तोटा नव्हे. तोटा होतो तो अधूनमधून भरकटणाऱ्या एका गोळीमुळे. स्कर्ट म्हणजे पेलेटचा मागचा पोकळ घेर. तो दबलेला असला, किंवा साच्यातून निघालेला शिशाचा बारीक कण कडेला चिकटून राहिला, तर नळीतून बाहेर पडताना हवेचा दाब सगळ्या बाजूंनी सारखा सुटत नाही आणि गोळी एकीकडे जाते. नवशिक्याला वाटते, ट्रिगर ओढताना आपलेच मनगट हलले. मग तो नसलेली चूक दुरुस्त करायला लागतो आणि बरोबर असलेली पकड बिघडवतो. शिकणाऱ्याला आपली गोळी ‘कॉल’ करता आली पाहिजे, म्हणजे टारगेट न बघता ती कुठे गेली ते सांगता आले पाहिजे. पेलेट खोटे बोलत असेल तर ही सवय लागतच नाही.

म्हणून सुरुवातीला मधली पायरी धरावी. आरडब्ल्यूएस या कंपनीची बेसिक किंवा हॉबी (दोन्ही ०.४५ ग्रॅम) आणि त्यांच्या वरची माइस्टरकुगेलन या सरावासाठी पुरेशा आहेत. तिन्ही चपट्या तोंडाच्या, म्हणजे वॅडकटर आहेत. कागदावर त्यांचे भोक नीट कापल्यासारखे पडते आणि रेषेला कड टेकली की नाही ते कळते. टोकदार पेलेट कागद फाडते, म्हणून टारगेटसाठी तिचा विचारही करू नका. वरच्या पायरीवर आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच आणि चिनी क्यूवायएस या नावांभोवतीच बहुतेक निवड फिरते. यातली कोणतीही ‘चांगली’ आहे. तुमच्या नळीला कोणती आवडते ते मात्र झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

हलकी की जड

डबीवर ‘पिस्टल’ किंवा ‘रायफल’ लिहिलेले असते तो मुख्यतः वजनाचा भेद आहे, नियमाचा नाही. आर१० ची पिस्टलसाठीची पेलेट ०.४५ ग्रॅमची आणि रायफलसाठीची ०.५३ ग्रॅमची. फिनाले मॅचमध्ये पिस्टलसाठी ०.४९ आणि रायफलसाठी ०.५३. हलकी पेलेट नळीतून लवकर सुटते, त्यामुळे हाताची चूक कमी लागते, असा एक समज रेंजवर फिरत असतो. तत्त्वतः तो बरोबर आहे. पण नळीतल्या वेळेत पडणारा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. खराब ट्रिगर त्याने झाकला जाणार नाही.

वजन बदलले की एक गोष्ट मात्र नक्की बदलते, ती म्हणजे नेम लागण्याची उंची. ०.४५ ग्रॅमची पेलेट सेकंदाला १५० मीटर वेगाने निघत असेल, तर तेवढ्याच ऊर्जेवर ०.५३ ग्रॅमची साधारण १३८ ने निघेल. १० मीटरवर पहिली सुमारे २२ मिलिमीटर खाली येते, दुसरी सुमारे २६. हे ४ मिलिमीटर पिस्टलच्या टारगेटवर अर्धी रिंग होतात. सरावाला एक वजन आणि स्पर्धेला दुसरे वापरणारे नेमबाज साइटचे (नेम धरायच्या साधनाचे) क्लिक बदलायला विसरतात आणि पहिल्या मालिकेत ९ वर ९ मोजत बसतात. दोन पेलेट वापरायच्याच असतील तर एकाच वजनाच्या घ्या. स्पर्धेच्या किमान आठवडाभर आधी मॅच पेलेटवर या आणि साइट तिच्यावरच पक्की करा.

शिसे नसलेल्या पेलेटही मिळतात. एच अँड एनची मॅच ग्रीन ०.३४ ग्रॅमची आहे. बंद खोलीत लहान मुलांना शिकवायचे असेल तर तिचा विचार जरूर करावा. पण ती बरीच हलकी आणि शिशापेक्षा कडक असते, त्यामुळे साइट वेगळी लावावी लागते आणि प्रत्येक नळी तिला सारखी साथ देत नाही.

हेडचे माप कसे ठरवायचे

मॅच पेलेटच्या डबीवर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असे माप असते. हा पेलेटच्या पुढच्या तोंडाचा व्यास. तो घरी व्हर्नियरने तपासत बसू नका. साध्या व्हर्नियरचा सगळ्यात लहान भाग ०.०२ मिलिमीटरचा असतो आणि इथे फरक ०.०१ चा आहे. वर जबड्यात धरताना शिसे दबते ते वेगळेच. माप ठरते ते ग्रुपवरूनच.

क्लॅम्पची सोय असलेली रेंज गाठा. आधी फेल्टने (दाबलेल्या लोकरीच्या बोळ्याने) नळी साफ करा. मग १० ते १५ गोळ्या झाडा, कारण नुकत्याच साफ केलेल्या नळीच्या पहिल्या गोळ्या हमखास विखुरतात. हवेचे सिलिंडर पुरेसे भरलेले ठेवा. दाब फार उतरला की रेग्युलेटरला, म्हणजे प्रत्येक गोळीला सारखा दाब देणाऱ्या भागाला, तो टिकवता येत नाही, गोळ्या खाली पडू लागतात आणि दोष पेलेटवर येतो. प्रत्येक मापाचे १० गोळ्यांचे तीन ग्रुप घ्या. ५ गोळ्यांचा एकच सुंदर ग्रुप बहुतेकदा योगायोग असतो, त्याचा फोटो काढून निर्णय घेऊ नका. ग्रुपमधल्या भोकांचे बाहेरून बाहेरचे सर्वांत मोठे अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. ७.१ भरले तर मध्यापासून मध्यापर्यंतचा ग्रुप २.६ झाला. दोन मापांच्या सरासरीत अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक असेल तर ती पिस्टलसाठी सारखीच समजा आणि जी सहज मिळते ती घ्या.

माप ठरले की डबीवरचा लॉट (एका खेपेत बनलेला माल) क्रमांक लिहून ठेवा. एकाच कंपनीच्या ४.५० च्या दोन लॉटमध्ये, दोन मापांत नसेल इतका फरक पडू शकतो. पुढची डबी त्याच लॉटची मिळेल याची खात्री नसते, म्हणून जुळलेला लॉट सापडला की त्याच वेळी हंगामाच्या स्पर्धांना पुरतील इतक्या डब्या घेऊन ठेवाव्यात. सरावासाठी त्या फोडू नयेत.

घरच्या सरावाला हे सगळे लागू नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. सामन्याची पिस्टल या मर्यादेपेक्षा खूपच खाली, ५ ते ६ ज्यूलच्या आसपास असते. फ्लॅटमध्ये १० मीटर सलग जागा क्वचितच मिळते. ५ मीटरवर लहान टारगेट लावून सराव करताना पेलेटचा दर्जा जवळजवळ दिसतच नाही, तिथे बेसिक पुरे. मागे गोळ्या अडवणारा नीट पेलेट ट्रॅप मात्र हवाच. नुसत्या भिंतीवर झाडली तर सपाट झालेले शिसे उलट येते.

चांगली पेलेट आणूनही ती बिघडवण्याच्या पुण्यातल्या दोन हमखास जागा म्हणजे दुचाकीची डिकी आणि पावसाळा. कोथरूडहून बालेवाडीपर्यंत खड्ड्यांतून जाताना अर्धी भरलेली डबी खुळखुळत राहिली की पेलेट एकमेकींवर आपटून स्कर्ट दबतात आणि डबीच्या तळाशी शिशाची काळी पूड जमते. डबीच्या व्यासाची फोमची चकती कापून पेलेटवर दाबून बसवा. रेंजवर डबी उलटी करू नका, लागतील तेवढ्याच पेलेट कापड घातलेल्या चपट्या झाकणात काढा. खाली पडलेली पेलेट पुन्हा भरू नका. भरताना स्कर्टवर नख लागू देऊ नका, बोटाच्या पेराने सरळ आत ढकला.

जून ते सप्टेंबर डब्या लाकडी किंवा प्लायच्या कपाटात ठेवू नयेत. दमट हवेत लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरा थर येतो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्या ठेवा. पांढऱ्या पडलेल्या पेलेट तेल लावून वाचवू नका. त्या सरळ शिसे गोळा करणाऱ्या डब्यात टाका आणि त्यानंतर हात साबणाने धुवा. सरावानंतरही, जेवणाचा डबा उघडण्याआधी, तसेच धुवा.