शास्त्रपाठांचं तीन वर्षांचं कोष्टक: आगमनकाळापासून पेरणीपर्यंतच्या वापरानंतर

रविवारच्या उपासनेत बायबलातलं काय वाचायचं हे शनिवारी रात्री पाळकांनी ठरवायचं, ही खेड्यांतल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांची रीत. त्यात फिरून फिरून तेच भाग येतात: स्तोत्र 23, उधळा पुत्र, योहान 3:16. हबक्कूक, याकोबाचं पत्र, यहेज्केल ही पुस्तकं वर्षानुवर्षं बंद राहतात. 1992 साली निघालेलं रिवाइज्ड कॉमन लेक्शनरी हे कोष्टक ती निवडच आपल्या हातून काढून घेतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत ते आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारपासून चालू आहे. आता पेरण्या आटोपल्या आहेत, तेव्हा कुठे जमलं आणि कुठे अडलं ते सविस्तर लिहितो.

रचना सोपी आहे. दर रविवारी चार पाठ: जुना करार, स्तोत्र, प्रेषितांचं पत्र, शुभवर्तमान (येशूचं चरित्र). अ वर्षात मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक. योहानाला स्वतःचं वर्ष नाही. तो तिन्ही वर्षांत, मुख्यतः उपवासकाळात (ईस्टरआधी) आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरनंतरचे सात आठवडे) येतो. वर्ष ओळखायची खूण: ज्या सनाला 3 ने पूर्ण भाग जातो ते क. म्हणून 2025 क, 2026 अ. मात्र नवं वर्ष 1 जानेवारीला लागत नाही, 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी लागतं. डिसेंबरात मागच्याच वर्षाचे पाठ वाचले जाण्याची चूक इथेच होते.

सगळ्यात मोठा फायदा पाळकांपेक्षा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींना झाला. एका पाळकाकडे तीन-चार गावं असली की प्रत्येक रविवारी येणं होत नाही. पाठ महिनाभर आधी ठाऊक असल्यामुळे वाचक ठरलेले असतात, संडे स्कूलची ताई तोच भाग मुलांना शिकवते, आणि पाळक नसले तरी उपासना अडत नाही.

पण नुसते संदर्भ लिहिलेला कागद वाचकाच्या हाती देऊ नका. मत्तय 13 चा पाठ 1 ते 9 आणि मग एकदम 18 ते 23 असा आहे. वाचक ओघात दहावं वचन वाचत सुटतो, मग कोणीतरी खुणावतं, आणि सगळ्यांचं लक्ष उडतं. ‘46ब’ म्हणजे त्या वचनाचा दुसरा अर्धा भाग, हेही नव्या वाचकाला कळत नाही. पूर्ण मजकूर मोठ्या अक्षरात, 18 पॉइंटला, एका बाजूला छापून झेरॉक्स काढा. लाइट गेली तरी खिडकीच्या उजेडात म्हातारा माणूस वाचू शकतो. स्तोत्र आळीपाळीनं म्हणा, विषम वचन पुढारी, सम वचन मंडळी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही चार महिन्यांत ओळी पाठ होऊ लागतात.

पेन्टेकॉस्टनंतरचा (ईस्टरपासून सातव्या रविवारनंतरचा) काळ सर्वांत गोंधळाचा. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांत कधीही येतं, म्हणून ‘पेन्टेकॉस्टनंतरचा सातवा रविवार’ असा क्रम धरला की दरवर्षी पाठ सरकतात. क्रम सोडून तारखेचा पट्टा धरा: 10 ते 16 जुलैमध्ये येणाऱ्या रविवारचे पाठ ठरलेले आहेत, ईस्टर कधीही असो. याच काळात जुन्या कराराच्या दोन वेगळ्या वाटा छापलेल्या असतात. एक सलग गोष्ट सांगते (अ वर्षात अब्राहाम, याकोब, योसेफ, मग मिसरातून सुटका), दुसरी शुभवर्तमानाशी जुळणारा भाग देते. खेड्यातल्या मंडळीनं सलग वाट घ्यावी असं माझं ठाम मत आहे. याकोबाची गोष्ट आठवड्यामागून आठवडा ऐकायला माणसं वेळेवर येतात. एकदा एक वाट धरली की मधेच दुसरीवर जाऊ नका, नाहीतर गोष्टीचा धागा तुटतो. दुसऱ्या वाटेत शलमोनाचं ज्ञान वगैरे ग्रंथ येतात, ते आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात नाहीत. तिथे पर्यायी पाठ दिलेला असतो, तो घ्यावा.

पुनरुत्थानकाळात जुन्या कराराच्या जागी प्रेषितांची कृत्ये येतात. ही छपाईची चूक नाही.

उपवासकाळातले तीन रविवार अ वर्षात फार लांब आहेत: विहिरीवरची शोमरोनी स्त्री (योहान 4:5-42), जन्मांध (9:1-41), लाजर (11:1-45). एकट्यानं वाचलं तर सहा-सात मिनिटं जातात आणि मागच्या बाकांवर चुळबुळ होते. आवाज वाटून द्या: निवेदक, येशू, स्त्री, लोक. विहिरीचा भाग मार्चमध्ये येतो, विहिरीची पातळी उतरायला लागलेली असते, आणि घागर घेऊन भर दुपारी आलेल्या बाईबद्दल इथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याकोबाच्या पत्रातला 5:7-10 हा पाठ मात्र जपून हाताळावा. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे डिसेंबरच्या मध्यात, शेतकरी पावसाची वाट पाहतो असा पाठ येतो. पॅलेस्टाइनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीआधी पडतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरताना. आपल्याकडे डिसेंबरात पराटीवर बोंडं फुटलेली असतात. तेव्हाचा पाऊस म्हणजे भिजलेला कापूस आणि पडलेला भाव. संदेशात सरळ ‘मिरगाच्या पावसाची वाट पाहावी तशी’ असं म्हटलं की समोरचा शेतकरी मनातून अडतो. तिकडचा हंगाम दोन वाक्यांत सांगा, मग धीराबद्दल बोला.

याउलट पेरणाऱ्याचा दाखला 10 ते 16 जुलैच्या पट्ट्यात येतो, दुबार पेरणीची धास्ती असते तेव्हाच. यापेक्षा नेमकी वेळ कोणी निवडूनही साधली नसती. पण तिफणीनं पेरणारा माणूस विचारणारच: बी पांदणीवर टाकलंच कशाला? तिकडे बी हातानं फोकत, आणि पायवाट शेतातूनच जाई. बरड जमीन, वर चार बोटं माती, लवकर उगवून लवकर वाळणारं रोप, हे तर त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिथे त्यालाच बोलू द्या. पुढच्या रविवारी निदणाचा दाखला. ‘तण उपटू नका’ हे निंदण चालू असताना विचित्र वाटतं. तिकडचं ते तण ओंबी येईपर्यंत गव्हासारखंच दिसतं आणि मुळं एकमेकांत गुंततात, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हंगामाच्या सणासाठी उपकारस्तुतीचे पाठ वेगळे दिलेत (अ वर्षात अनुवाद 8:7-18, स्तोत्र 65, 2 करिंथ 9:6-15, लूक 17:11-19). ते अमेरिकेच्या नोव्हेंबरातल्या दिवसाला बांधलेले नाहीत; तूर घरात आल्यावर जानेवारीत वापरले तरी चालतात.

कोष्टकाची एक उणीव खरोखर बोचते. ब वर्षात ऑक्टोबरअखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस सलग वाटेत रूथ येते, पण पहिल्या अध्यायावरून थेट तिसऱ्यावर उडी. दुसरा अध्याय, सरवा वेचणारी परदेशी विधवा आणि मुद्दाम पेंढ्यांतून कणसं टाकायला सांगणारा शेतमालक बवाज, रविवारी वाचलाच जात नाही. ऐन वेचणीच्या दिवसांत, जिथे अर्ध्या बाया दुसऱ्याच्या वावरात रोजानं जातात, तो भाग गाळणं बरोबर नाही. त्या दोन रविवारांच्या मधल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत रूथ 2 पूर्ण वाचावा. तेवीसच वचनं आहेत.