डिस्टोपियन पिक्चर, आधी पुस्तक वाचून मग बघितले, त्याचा रिव्ह्यू

भाचीने पैज लावली होती की मामा तू पुस्तकवाला आहेस, तुला एकही पिक्चर आवडणार नाही बघ. म्हणून मग दीड महिना हाच उद्योग, पुस्तक संपवायचं आणि त्याच आठवड्यात पिक्चर. सगळे यंग ॲडल्ट डिस्टोपियन, म्हणजे जगाची वाट लागलेली, वर कुणीतरी हुकूमशहा बसलेला आणि मोठ्यांनी घातलेला सगळा घोळ निस्तरायचा पोराटोरांनी. पैज ती हरली, पण जेमतेम. (स्पॉयलर आहेत थोडे, आधीच सांगतो.)

सगळ्यात जास्त आशा 'द गिव्हर'कडून होती आणि तिथेच माती खाल्ली. लोइस लोरीचं पुस्तक १९९३ चं, छोटंसं आहे, दोन बैठकीत होतं. त्यातली गंमत अशी की आपण पानंच्या पानं वाचत जातो आणि लक्षातच येत नाही की या लोकांना रंग दिसत नाहीत, कारण लेखिका त्याबद्दल चकार शब्द काढत नाही आणि रंग आपण आपल्या मनाने भरत असतो. मग एकदा सफरचंद झेलताना जोनसला, म्हणजे हिरोला, वाटतं की हे क्षणभर बदललं, काय बदललं ते त्याला सांगता येत नाही, नंतर मैत्रिणीच्या केसांचं तेच, आणि खूप उशिरा कळतं की तो लाल रंग होता. मी तिथे थांबून मागची पानं परत चाळली.

२०१४ चा पिक्चर पहिल्यापासूनच ब्लॅक अँड व्हाइट. झालं, गुपित फुटलं! आता यात दिग्दर्शक फिलिप नॉइसची तरी काय चूक म्हणा, रंगीत दाखवलं तर खोटं, नाही दाखवलं तर पहिल्याच मिनिटाला सगळं उघड, कॅमेऱ्याला गप्प बसताच येत नाही. तेवढं माफ. पण पुस्तकातला जोनस बारा वर्षांचा आहे आणि पिक्चरमधला चांगला थोराड पोरगा. आपले बाबा 'रिलीज' करतात म्हणजे नक्की काय करतात (चक्क मारून टाकतात) हे बारा वर्षांच्या मुलाला कळतं ते पान वाचताना मला उठून पाणी प्यावं लागलं, पिक्चरमध्ये तोच सीन आला आणि गेला. वर मेरिल स्ट्रीपसाठी नावापुरतं पात्र फुगवून व्हिलन केलंय, पाठलागाला ड्रोन आणलेत. वाईट याचं वाटतं की यात म्हातारा 'गिव्हर' झालेल्या जेफ ब्रिजेसला हा पिक्चर आपल्या वडिलांना घेऊन करायचा होता, तो होईहोईपर्यंत तो स्वतःच म्हाताऱ्याच्या रोलच्या वयाचा झाला, आणि एवढं थांबून हे.

'हंगर गेम्स'ला मी खरं तर नावं ठेवायची तयारी करूनच बसलो होतो. सुझान कॉलिन्सच्या पुस्तकात (२००८) सरकार पोरांना टीव्हीवर एकमेकांना मरेपर्यंत लढायला लावतं, आणि ते पूर्ण कॅटनिस या त्यातल्या एका मुलीच्या डोक्यात घडतं, तेही वर्तमानकाळात, म्हणजे पुढच्या पानावर ती जगेल की नाही हे तिलाही माहीत नसतं. त्यातली मला आवडलेली जागा म्हणजे ती तहानेने मरायला टेकलीये, तिचा मेंटॉर हेमिच, जो बाहेरून मदत पाठवू शकतो, त्याने पाणी पाठवावं म्हणून वाट बघतीये, तो काहीच पाठवत नाही, आणि मग ती विचार करते की हा पाठवत नाहीये म्हणजे पाणी इथेच जवळ कुठेतरी असणार. न पाठवणं हाच निरोप! पिक्चरमधला हेमिच मात्र सरळ चिठ्ठ्या पाठवतो. गुहेत ती तिच्याच गावच्या पीटाला किस करते, तर सूपसोबत चिठ्ठी येते की याला किस म्हणतात का. हसू आलं मला, पण कॅटनिसची हुशारी गेली ना तिथे, पुस्तकात हे गणित ती स्वतः सोडवते. शिवाय पीटावरचं प्रेम खरं की कॅमेऱ्यासाठी हा जो तिचा गोंधळ आहे तो बाहेरून बघणाऱ्याला साधी लव्हस्टोरी वाटू शकतो.

पण मग गेममेकर्सची, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्यांची, कंट्रोल रूम येते, आणि इथे मी पैज जिंकलो. पुस्तकात ती नाहीच, कारण कॅटनिसला दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही. पिक्चरला तिच्या डोक्यात शिरता येईना, मग तो तिला न दिसणाऱ्या जागी गेला. झकपक खोलीत माणसं बसलीयेत, बटण दाबून आग लावतायत, स्क्रीनवर बोट फिरवून जनावरं सोडतायत, ऑफिसचं काम करावं तसं. कुणी चिडलेलं नाही, कुणी क्रूर हसत नाही. हे बघून मी पुस्तकापेक्षा जास्त टरकलो, खोटं कशाला बोलू. मारामारीत कॅमेरा इतका हलतो की कोण कुणाला मारतंय कळत नाही, पण मुलंच मुलांना मारतायत आणि पिक्चर मुलांनाही दाखवायचाय म्हटल्यावर दुसरं काय होणार, ब्रिटनमध्ये तर '१२ए' (बारा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबत बघता येतं) सर्टिफिकेटसाठी सात सेकंद कापले होते. दुसरा भाग 'कॅचिंग फायर' (२०१३) सगळ्यात भारी, डोळे झाकून बघा. तिसऱ्या पुस्तकाचे दोन तुकडे (२०१४ आणि २०१५) म्हणजे दुधात पाणी, त्यातला पहिला मी भांडी घासत बघितला तरी काही चुकलं नाही.

'मेझ रनर' उलटं प्रकरण. जेम्स डॅशनरचं पुस्तक मला रटाळ वाटलं, पिक्चर मस्त. पोरं अडकलेल्या चक्रव्यूहाच्या भिंती सरकतात तो आवाज आणि अंधार, हे वाचण्यापेक्षा बघायचंच काम आहे. पुस्तकात थॉमस आणि टेरेसा मनातल्या मनात बोलतात ती टेलिपथी काढून टाकली, बरं झालं. पुढचे दोन भाग नाही बघितले तरी चालतील.

'केऑस वॉकिंग' (२०२१) बद्दल काय बोलू. पॅट्रिक नेसच्या त्या पुस्तकात पुरुषांच्या मनातलं सगळं सगळ्यांना ऐकू येतं, त्याला 'नॉइज' म्हणतात, आणि तो पानांवर वेगवेगळ्या फाँटमध्ये छापलाय, एखादं पान बघूनच डोकं दुखायला लागतं. पिक्चरसाठी आयतं घबाड, डोक्यातलं बाहेर आणायची सोय गोष्टीतच आहे! केलं काय तर डोक्याभोवती रंगीत धूर आणि टॉम हॉलंड पुटपुटतोय. पुस्तकात तो आवाज छळतो, इथे पाच मिनिटांत विनोदी वाटायला लागतो. कुत्र्याचा सीन मी फॉरवर्ड केला, पुस्तकात एकदा रडून झालं होतं.

आणि 'डायव्हर्जंट'. पहिला भाग (२०१४) ठीक, केट विन्स्लेट आहे म्हणून बघवतो. पण यांनीही तिसऱ्या पुस्तकाचे दोन भाग करायचं ठरवलं, २०१६ चा 'अलीजंट' आपटला, आणि शेवटचा भाग बनलाच नाही. भाचीने हे माहीत नसताना तीन पिक्चर बघितले आणि मला विचारतीये, मामा चौथा कुठे मिळेल? म्हटलं मिळणार नाही, हे घे, आणि पुस्तक दिलं. पिक्चर जिथे थांबतो त्याच्या बऱ्याच पुढे लेखिका वेरोनिका रॉथने काय केलंय ते तिला सांगितलं नव्हतं. रात्री पावणेबाराला मेसेज आला, "मामा तुला माहीत होतं???" पैजेचे पैसे अजून दिलेले नाहीत तिने.