कॅनडाच्या थंडीत इलेक्ट्रिक गाडी: ८ महिने, १४ हजार किलोमीटर आणि एक अख्खा हिवाळा

गाडी सप्टेंबर २०२४ ला घेतली, आता मे २०२५ लागलाय, मीटरवर १४ हजार २०० झालेत आणि एक पूर्ण हिवाळा काढून झालाय, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. आम्ही मिसिसागाला राहतो, टोरंटोच्या अगदी शेजारी. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि डिसेंबर ते मार्च पुण्याहून आई आली होती. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते थंडीचं आणि प्लगचं आहे, एका कंपनीचं नाही. एवढंच सांगतो की बॅटरी ७७ युनिटची आहे, चारही चाकांना पॉवर आहे आणि हीट पंप आहे, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणणारं यंत्र. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच युनिट, ते सगळ्यांना कळतं.

भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो की थंडीत रेंज किती जाते. बाबा तर पुण्याहून दर रविवारी फोनवर, "बर्फात बंद पडत नाही ना रे?" बंद पडत नाही, एकदाही पडली नाही. आकडे सांगतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला १०० किलोमीटरला १६-१७ युनिट लागायची, म्हणजे फुल चार्जवर ४३० च्या आसपास आरामात. जानेवारीत सरासरी आली २४, म्हणजे ३०० च्या जरा वर. आणि उणे १८ ला हायवेवर ११० च्या स्पीडने २७-२८ लागतात, मग २६५-२७० किलोमीटर धरा. म्हणजे वाईटात वाईट दिवशी जवळजवळ ४० टक्के गेली. ऐकून घाबरायला होतं, मलाही झालं होतं. पण आठ महिन्यांनी माझं स्पष्ट मत झालंय की रेंज किती जाते यापेक्षा गाडी रात्री कुठे उभी असते हे आधी विचारा. घरी प्लग असेल तर ही थंडी काहीच नाही, आणि नसेल तर तीच गाडी तीच थंडी एकदम वेगळी होऊन बसते.

आधी रेंज जाते कुठे ते सांगतो, कारण हे कळलं की निम्मी भीती जाते. पेट्रोलच्या गाडीत पेट्रोलमधल्या ताकदीचा मोठा भाग उष्णता होऊन वायाच जातो, त्याच उष्णतेवर आत फुकट हीटर चालतो. इलेक्ट्रिक मोटर इतकं वाया घालवत नाही, मग आतली ऊब बॅटरीतनं विकत घ्यावी लागते. वर बॅटरी स्वतः गार असते, तिला पण गरम करावं लागतं. गार हवा जड असते, अधिक २० च्या मानाने उणे २० ला साधारण १५ टक्के जड, ती कापत जायचं म्हणजे हायवेवर जोर जास्त लागतो. रस्त्यावर चिखल झालेला बर्फ, मऊ रबराचे विंटर टायर, आणि पारा पडला की टायरमधली हवाही बसते, साधारण साडेपाच डिग्रीला एक पीएसआय, ती महिन्यातून एकदा तरी भरावीच. हीट पंप उणे ५-७ पर्यंत खरंच छान वाचवतो, पण उणे १५ च्या खाली बाहेरच्या हवेत ओढून घेण्यासारखी ऊबच फार उरत नाही, मग साधी हीटरची कॉइल चालू होते आणि ती खाते.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला फेब्रुवारीत उमगली. हीटर किलोमीटरवर खात नाही, तासावर खातो, आणि सुरुवातीच्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त खातो. मुलांची शाळा ४ किलोमीटर. उणे १६ ला बाहेर उभी असलेली गाडी काढून शाळेत सोडलं तर स्क्रीनवर १०० किलोमीटरला ४६-४७ युनिट असा आकडा दिसायचा, बघून पोटात गोळा यायचा. पण ४ किलोमीटरला प्रत्यक्षात गेलं किती, तर दोन युनिटही नाही. तेच दोन तास सलग चालवली की आकडा आपोआप २६-२७ वर उतरतो. म्हणजे छोट्या छोट्या फेऱ्यांना आकडा भयंकर दिसतो पण रात्री घरी प्लग असेल तर त्याने काही फरक पडत नाही. एक सवय मात्र लावून घेतली, चार कामं असतील तर चार वेळा घरी येऊन गाडी गार करायची नाही, एका फेरीत उरकायची. आणि सीट हीटर, स्टेअरिंग हीटर आधी लावायचे, ते अगदी थोडं खातात, मग आतलं तापमान १९-२० वर ठेवलं तरी चालतं. आईला नाही चालायचं. आई बसली की २४.

आता चार्जिंग. पहिले तीन महिने मी घरातल्या साध्या सॉकेटवरच भागवलं, इथे ते १२० व्होल्टचं असतं, १२ अँप ओढतं म्हणजे जेमतेम १.४ किलोवॅट, तासाला १.४ युनिट. नोव्हेंबरपर्यंत काही वाटलं नाही, रात्रभरात १७-१८ टक्के भरायची, ऑफिसला जाऊन येऊन तेवढंच लागतं. मग डिसेंबरात एका रात्री पारा उणे १३ वर गेला, गॅरेजमध्ये सामान भरलेलं असल्यामुळे गाडी बाहेर ड्राइव्हवेवर होती, ११ तास लावून सकाळी बघतो तर ९ टक्केच भरलेली. सॉकेटमधून येणारी निम्मी वीज बॅटरीला ऊब देण्यातच गेली होती. गोठलेल्या लिथियम बॅटरीत जोरात करंट ढकलला तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते, म्हणून गाडी आधी स्वतःला गरम करते आणि मग भरायला घेते. ते बरोबरच आहे, पण १.४ किलोवॅटमध्ये दोन्ही कामं नीट होत नाहीत.

त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने आधी घराचा सगळा लोड मांडला, आमचं पॅनल, म्हणजे घराचा मुख्य वीज बोर्ड, १०० अँपचं, घर गरम करणारी भट्टी आणि शेगडी गॅसवर म्हणून हिशोबात बसलं, ४० अँपचा ब्रेकर टाकला आणि चार्जर ३२ वर सेट केला, कारण तासन्‌तास चालणारा लोड ब्रेकरच्या ८० टक्क्यांवरच ठेवायचा असतो. परवाना, तपासणी सगळं रीतसर करून घेतलं, आणि प्लीज कोणीही हे काम ओळखीच्या माणसाकडून विनापरवाना करून घेऊ नका, रात्रभर घरातली माणसं झोपलेली असताना ही वायर सात-आठ तास तापत असते. आता साडेसात किलोवॅट मिळतात. ऑन्टारियोत, म्हणजे आमच्या प्रांतात, मे २०२३ पासून रात्रीचा एक वेगळा स्वस्त दर सुरू झालाय, तो आम्ही घेतला, २०२४-२५ च्या या हिवाळ्यात तो रात्री ११ ते सकाळी ७ युनिटला २.८ सेंट होता. त्याच्या बदल्यात कामाच्या दिवशी संध्याकाळी ४ ते ९ दर २८ सेंटच्या वर जायचा, म्हणजे वॉशिंग मशीन, ड्रायर, भांड्यांचं मशीन सगळं रात्री ११ नंतर, हे घरातल्या सगळ्यांना पटलं पाहिजे. पटलं तर २० टक्क्यांवरनं ८० टक्के करायला त्या दराने विजेचे सव्वा डॉलरच्या आसपास व्हायचे, वर वीज घरापर्यंत आणण्याचा डिलिव्हरी चार्ज आणि टॅक्स. थंडीत जी जास्तीची वीज लागते ती या दरात कुठल्या कुठे बुडून जाते.

आणि गॅरेज रिकामं केलं. संक्रांतीच्या आधीचा अख्खा शनिवार त्यात गेला, पण पूर्ण हिवाळ्यात केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते. आमच्या गॅरेजला हीटिंग नाही तरी बाहेर उणे १८ असताना आत उणे ४-५ असतं. शिवाय गाडीला सकाळी साडेसातची वेळ लावून ठेवलीय, ती सातच्या सुमाराला प्लगवरच्या विजेवर आतनं गरम व्हायला लागते, बॅटरी पण कोमट होते. पेट्रोलची गाडी बंद गॅरेजमध्ये अशी चालू ठेवता येत नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात, दर हिवाळ्यात त्याबद्दल सूचना येत असतात. हिला धूरच नाही. आईला पहिल्यांदा नेलं ते मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला. दोन स्वेटर, वर शाल, कानटोपी, हातात तिळगुळाचा डबा घट्ट धरलेला, गॅरेजच्या दारातच म्हणाली मी नाही येत, मला गारठा सोसत नाही. मी दार उघडलं, आतली ऊब तिच्या तोंडावर आली, तिने आधी नुसता हात आत घालून बघितला, मग बसली आणि सीटवर हात फिरवत म्हणाली, अरे ही तर उन्हात ठेवलेल्या गादीसारखी आहे. त्यानंतर मार्चपर्यंत ती कुठेही यायला तयार असायची.

आता लांबचा प्रवास, कारण तिथे घरचा प्लग नसतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ओटावाला गेलो, ४७० किलोमीटर, निघताना उणे १५, पुढे उणे १९. उन्हाळ्यात एका थांब्यात होईल असा प्रवास. इथे लोक हिशोबात चुकतात, मी पण चुकलो. फुल बॅटरीचे २७० किलोमीटर फक्त घरनं निघताना मिळतात. रस्त्यात फास्ट चार्जर ८० टक्क्यांनंतर रखडतो आणि १० टक्क्यांच्या खाली थंडीत कोणी जाऊ नये, म्हणजे दोन थांब्यांच्या मधे वापरायला ७० टक्केच उरतात, तेवढ्यात १८०-१८५ किलोमीटर. मी थांबे याच हिशोबाने लावायला हवे होते.

पहिला थांबा ट्रेंटनला, तो झकास झाला. गाडीच्या नकाशात चार्जर टाकलेला होता, म्हणून तिने अर्धा तास आधीपासून बॅटरी तापवायला घेतली, पोचल्या पोचल्या १४० किलोवॅट, मुलांचं खाऊन होईपर्यंत ८० टक्के. दुसरा थांबा किंग्स्टनच्या पुढे एका छोट्या गावात, आणि तिथे मी फोनच्या नकाशावर जात होतो. गाडीला कळलंच नाही की आपण चार्जरकडे चाललोय. पोचलो १४ टक्क्यांवर, दोन चार्जर, एकाची स्क्रीन काळी, दुसऱ्यावर आधीच एक गाडी. चाळीस मिनिटं थांबलो, हीटर १७ वर आणला, आईच्या मांडीवर धाकटी, दोघींवर एक रजई, मोठा सारखा विचारतोय बाबा किती राहिले. नंबर आला तेव्हा केबल थंडीने इतकी ताठ झाली होती की वाकवून सॉकेटपर्यंत न्यायला दोन्ही हात आणि गुडघा लावावा लागला, आणि स्क्रीनवर आकडा आला ३८ किलोवॅट. गारठलेली बॅटरी यापेक्षा जास्त घेतच नव्हती. चाळीस टक्क्यांचे पन्नास टक्के व्हायला दहा मिनिटांच्या वर गेली. वर तो चार्जर मिनिटावर पैसे घेणारा. कॅनडात २०२३ च्या सुरुवातीपर्यंत युनिटवर चार्जिंग विकायची परवानगीच नव्हती, आता आहे, तरी काही ठिकाणी मिनिटाचाच हिशोब चालतो, म्हणजे बॅटरी गार तर तेवढ्याच विजेला दुप्पट-तिप्पट पैसे. मला त्या दिवशी पैशाचं नाही, आईच्या गार पडलेल्या हातांचं वाईट वाटलं.

येताना नकाशा गाडीचाच लावला, थांबे १६० किलोमीटरवर घेतले आणि गावाबाहेरचा दोन-चार्जरवाला थांबा टाळून जिथे सहा-आठ चार्जर आहेत तिथेच थांबलो, एवढ्यानेच सगळा प्रवास सुरळीत झाला.

अडकलात तर काय, हे पण विचारतात. फेब्रुवारीत आठवड्याभरात दोन मोठी वादळं आली, टोरंटोत मिळून ५० सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडला. दुसऱ्या वादळात मी हायवेवर दोन तास जागच्या जागी उभा होतो. उभ्या गाडीत हीटरला तासाला दोन युनिट लागतात, दोन तासांत ५ टक्के गेले. अर्धी बॅटरी असली तरी रात्र काढता येते, आणि बर्फाने सायलेन्सर बुजून आत धूर येईल ही भीतीच नाही. तेव्हापासून हिवाळ्यात ५० टक्क्यांच्या खाली गाडी घरात उभी करत नाही.

नाशिकचा चुलतभाऊ पण विचारत होता घेऊ का म्हणून. त्याला म्हटलं तुझ्याकडच्या ८-१० डिग्रीत रेंज थोडीफार हलेल, तू आधी सोसायटीत स्वतःच्या मीटरवरनं पॉइंट मिळतो का ते बघ.

कारण इथे माझ्या मित्राचंच उदाहरण डोळ्यासमोर आहे. त्याची आणि माझी गाडी एकच, त्याने तर मलाच बघून घेतली. तो चौदाव्या मजल्यावर कॉन्डोमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये राहतो, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्याला साधं सॉकेटसुद्धा नाही. अख्खा हिवाळा तो आठवड्यातनं दोनदा, ऑफिस सुटल्यावर अंधारात, एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये पाऊण-पाऊण तास गाडीत बसून असायचा, युनिटला ५५-६० सेंट मोजत, आणि सकाळी ऊब यायची ती पण बॅटरीतनंच. त्याची बायको आता म्हणते गाडी विकून टाकू. मला मनापासून वाटतं की विकू नये, पण त्या पाऊण तासाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते त्याच्या बिल्डिंगच्या कमिटीकडे आहे. जूनमध्ये त्यांची मीटिंग आहे. आम्ही दोघं गेले तीन रविवार बसून कागद तयार करतोय, पार्किंगच्या मजल्यावरचं पॅनल किती अँपचं आहे, एकाच लाइनवर पाच-सहा गाड्या आळीपाळीने चार्ज करता येतात का, वेगळा मीटर कसा बसेल. बिल्डिंगमध्ये अजून तीन जणांकडे इलेक्ट्रिक गाड्या आहेत असं कळलंय, त्यातल्या दोघांनी सही दिलीय, तिसऱ्यांच्या दाराखालून परवा चिठ्ठी सरकवून आलोय.