दोन कानांचा स्टेथो आणि वेक्सफर्डचा डॉक्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

डब्लिनला हृदयरोग विभागात रुजू होताना मी पुण्याचा जुना स्टेथो इंटर्नशिप करणाऱ्या बहिणीला देऊन आले आणि इथे आल्यावर बेल (खर्जातले आवाज टिपणारी वाटी) व डायफ्रॅम (वरच्या पट्टीतले आवाज टिपणारी सपाट चकती) वेगवेगळे असलेला, दुहेरी नळीचा कार्डिऑलॉजी स्टेथोस्कोप घेतला. त्याला आता आठ महिने झाले. ज्या माणसामुळे हे यंत्र दोन्ही कानांत बसले, तो इथून दीड-दोन तासांच्या अंतरावरच्या वेक्सफर्डचा होता, हे मात्र मला खरेदीनंतर पुष्कळ दिवसांनी समजले; म्हणून हा अनुभव त्याच्यासकट लिहिते.

या डॉक्टरांचे नाव आर्थर लिअर्ड, जन्म १८२२ चा. त्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८४७ मध्ये वैद्यकीची पदवी घेतली, तेव्हा डब्लिन हे हृदयाचे आवाज ऐकणाऱ्यांचे गाव होते. विल्यम स्टोक्स यांनी विद्यार्थिदशेतच, १८२५ मध्ये, स्टेथोस्कोपवर पुस्तिका लिहिली होती आणि डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३२ मध्ये महाधमनीच्या गळक्या झडपेवर निबंध प्रसिद्ध केला होता. पण या सर्वांच्या हातात होती ती स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांच्या धर्तीची, एका कानाला लावायची ताठ नळी. एडिंबरोच्या निकोलस कॉमिन्स यांनी १८२९ मध्ये दोन कानांची कल्पना मांडली होती, तरी ती रुजली नाही. लिअर्ड यांनी गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या, नळ्यांचा दोन कानांचा स्टेथोस्कोप बनवला आणि १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात तो मांडला.

या बदलाचे मोल मला तिसऱ्या महिन्यात नीट उमगले. गळक्या महाधमनी झडपेचा मर्मर, म्हणजे रक्त उलटे वाहताना होणारा आवाज, फार हलका असतो. रुग्णाला पुढे झुकवून बसवायचे, श्वास सोडून रोखायला सांगायचे, डायफ्रॅम छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला घट्ट दाबायचा आणि फुंकर घालावी तसा, ठोक्यानंतर विरत जाणारा आवाज शोधायचा. त्या दिवशी शेजारच्या खाटेवर पंप वाजत होता, कोणी ट्रॉली ढकलत होते. दोन्ही कान बंद झाल्यावर हे सगळे दूर गेले. उजव्या हाताने डायफ्रॅम धरला होता आणि डावा हात मोकळा असल्यामुळे मी मानेतली नाडी चाचपत, तो आवाज ठोका पडताना येतो की पडून गेल्यावर, हे त्याच वेळी ठरवू शकले. ताठ नळीवर एक कान टेकवून, रुग्णाच्या छातीवर ओणवे होऊन हे करून पाहण्याची कल्पना जरी केली, तरी लिअर्ड यांनी काय दिले ते कळते.

बेलची गोष्ट वेगळी. पुण्यात तिचा उपयोग सतत व्हायचा, कारण संधिवाताच्या तापानंतर मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आक्रसलेल्या तरुण बायका ओपीडीत नित्याच्याच असत आणि त्यांना डाव्या कुशीवर वळवून, बेल अगदी अलगद टेकवल्याखेरीज ती खर्जातली घरघर ऐकू येत नाही. इथे बहुतेक रुग्ण वृद्ध असतात, त्यांची महाधमनीची झडप चुना साचून ताठरलेली असते आणि तिचा खरखरीत आवाज साध्या स्टेथोनेही ऐकू येतो. त्यामुळे एवढी किंमत केवळ अशा रुग्णांसाठी मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तक्रारीही आहेत. सोबत आलेली कानातली बोंडे कडक होती, तासाभरात कान दुखायचे. मऊ बोंडे विकत घ्यावी लागली. सुरुवातीला मी स्टेथो उघड्या मानेवर टाकत असे आणि घामातेलाने नळी मानेपाशी कडक होऊ लागली, तेव्हापासून तो कॉलरवरूनच घालते. गटापर्चाही कालांतराने ठिसूळ होतो, त्यामुळे हे दुखणे जुनेच म्हणायचे.

व्यापारी यश लिअर्ड यांच्या वाट्याला आले नाही. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन यांनी १८५२ मध्ये आपला दोन कानांचा स्टेथोस्कोप आणला आणि तोच चालला. लिअर्ड यांनी १८५६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहून आपला हक्क मांडला, पण तोवर उशीर झाला होता. त्यांना निव्वळ हृदयरोगतज्ज्ञ म्हणणेही बरोबर नाही, कारण अशी वेगळी शाखा तेव्हा नव्हतीच. रक्ताभिसरणामुळे निर्माण होणाऱ्या आवाजांवर त्यांनी लिहिले, तसे अपचनावरही. वेक्सफर्ड परगण्यात थोडा व्यवसाय करून ते १८५१ मध्ये हिंदुस्थानात गेले होते. तिथली हवा त्यांना सोसली नाही (डब्लिनचा जानेवारी मला सोसला नाही, म्हणजे फिटंफाट झाली) आणि १८५२ पासून त्यांनी लंडनमध्ये बस्तान बसवले. क्रिमियन युद्धात ते स्मर्ना (आजचे तुर्कस्तानातले इझमीर) येथील इस्पितळात होते, परतल्यावर छातीच्या रोगांच्या इस्पितळातही काम केले. आइसलँडला ते इतक्यांदा गेले, की तिथल्या जीवघेण्या गाठींच्या रोगावर त्यांनी थेट आइसलँडिक भाषेत पुस्तिका लिहिली. १८७२ पासून मोरोक्कोच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि १८७९ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले.

गेल्या पंधरवड्यात वेक्सफर्डचे एक आजोबा दाखल झाले होते. तपासून झाल्यावर मी त्यांना लिअर्ड यांच्याविषयी विचारले. नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते. मी गळ्यातला स्टेथो पुढे करून, ही तुमच्याच गावच्या माणसाची कल्पना, असे सांगितले. त्यांनी तो मागून घेतला, स्वतःच्या कानांत घातला, बेल छातीवर नेली आणि बराच वेळ काही न बोलता ऐकत राहिले. राउंडला मला पंधरा मिनिटे उशीर झाला.