मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या नावाखाली ३३,७०० रुपये गेले, वेळीच वाचा

आकडा आधीच सांगून टाकते. नोंदणी ५००, दोन दिवसांची कार्यशाळा १८,५००, नंतरचे सहा रविवार ७५० प्रमाणे ४,५००, ‘अल्फा म्युझिक’चा पेन ड्राइव्ह आणि डोळ्यांवर बांधायची क्लासवाल्यांचीच खास पट्टी मिळून १,२००, आणि ‘ॲडव्हान्स्ड लेव्हल’चे ९,०००. एकूण ३३,७००. शेवटचे ९,००० मी घरात न सांगता आवर्ती ठेव मोडून भरले. ते अजून घशाखाली उतरलेले नाहीत.

मिडब्रेन ॲक्टिव्हेशन म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक असेलच. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, मग मुलं रंग ओळखतात, पत्ते ओळखतात, पुस्तक वाचतात. ‘तिसरा डोळा’, ‘सिक्स्थ सेन्स’, नावं वेगवेगळी, धंदा एकच.

मी अंगारे-धुपारे करणारी बाई नाही. कुणी बुवा आला असता तर दारातूनच परत गेला असता. हे लोक टाय लावून, प्रोजेक्टर घेऊन आले, तेही मुलीच्या शाळेच्याच सभागृहात. आणि पहिली वीस मिनिटं ते जे बोलले ते खरं होतं, हे मुद्दाम सांगते. माणसाला पाचच संवेदना असतात हे अपुरं आहे, म्हणाले. बरोबरच आहे. तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात असते. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे ते कळतं, ते स्नायू आणि सांध्यांतल्या संवेदनांमुळे. एवढं पटवून झाल्यावर त्याच सुरात पुढचं वाक्य आलं, की मुलांचा मध्यमेंदू झोपलेला असतो, तो जागा केला की डोळ्यांशिवाय दिसतं. वीस मिनिटं होकारार्थी हलणारी मान त्या वाक्यालाही हललीच. अशा सभेला जाल तेव्हा खरं कुठे संपलं ते कागदावर लिहून ठेवा.

मध्यमेंदू झोपलेला नसतो. तो मेंदूच्या देठाचा भाग आहे. डोळ्यांची हालचाल, आवाज आला की तिकडे वळणं, जागं राहणं, या सगळ्यात त्याचा वाटा असतो. तो खरंच बंद पडला तर माणूस बेशुद्ध होईल. पार्किन्सनमध्ये ज्या पेशी मरत जातात त्याही तिथल्याच. आणि ज्यांच्या नावाने तो पेन ड्राइव्ह विकला त्या अल्फा लहरी तर डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या कुणाच्याही मेंदूच्या आलेखात दिसतात, जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने त्या शंभरेक वर्षांपूर्वीच टिपल्या. त्यासाठी पेन ड्राइव्ह लागत नाही. हे सगळं मी वाचलं ते पैसे भरून झाल्यावर. आधी नुसते व्हिडिओ बघितले, आणि ते सगळे त्यांच्याच लोकांनी टाकलेले होते.

आता त्या रविवारचं सांगते, कारण झोप उडवतो तो तोच. चौथा रविवार, पावसाळी संध्याकाळ. बारा-तेरा मुलं सतरंजीवर, डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. आम्ही पालक मागे भिंतीला टेकून. माझी नऊ वर्षांची लेक गोष्टीचं पुस्तक वाचत होती, एकेक शब्द लावत, हनुवटी किंचित वर करून. मी शूटिंग करत होते. आणि लाइट गेली. खिडक्यांना जाड पडदे, त्यामुळे हाताला हात दिसेना.

सगळी मुलं एका दमात गप्प झाली. एकजात सगळी. कुणाचा पत्ता हातात तसाच, कुणाचं वाक्य अर्ध्यावर. सर म्हणाले, “चला, पाणी पिऊन घ्या, लाइट आली की पुढे.” आणि मी काय करावं? मोबाईलचा टॉर्च लावला, लेकीशेजारी बसले आणि उजेड पुस्तकावर धरला. “वाच बाळा, थांबू नकोस.” ती वाचायला लागली. पाठोपाठ आणखी दोघीजणींनी टॉर्च लावले.

डोळ्यांनी बघायचंच नाही, तर पोरीला उजेड कशाला हवा होता? हा प्रश्न तिथे बसलेल्या एकाही आईबापाला पडला नाही. मी चौदा वर्षं हिशेबाचं काम करते. दहा रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत जागेवरून उठत नाही. आणि इथे पट्टी बांधलेल्या मुलीला मी स्वतःच्या हाताने उजेड दाखवत होते, डोळ्यांत पाणी आणून. पोटच्या पोरीचं कौतुक समोर असलं की माणूस हिशेब तपासत नाही. हे स्वतःच्या बचावासाठी लिहितेय असं वाटेल, वाटू दे. त्यांचा सगळा धंदा यावरच उभा आहे.

त्याआधी माझ्या भावाने, तिच्या मामाने, घरी एकदा पत्ता तिच्या कपाळासमोर धरला होता. तिला सांगता येईना. छातीपाशी आणला, लगेच सांगितला. तो म्हणाला, “ताई, ही खालून बघतेय.” सरांना फोन केला तर म्हणाले, शंका घेणाऱ्यांच्या लहरींनी मुलांची शक्ती अडते. मी भावावरच डाफरले. दोन महिने आमचं बोलणं बंद होतं. शंका घेतली की शक्ती जाते असं कुणी म्हणालं, तर त्याच क्षणी पोराचा हात धरून बाहेर पडा. कपाळासमोर पत्ता धरणं एवढी साधी परीक्षा आहे, तिला एक रुपया लागत नाही.

शेवटी लेकीनेच सांगितलं. रात्री, दिवा बंद केल्यावर. “आई, नाकाच्या बाजूने दिसतं. सगळ्यांनाच दिसतं. सर म्हणाले, काय दिसतं ते सांगायचं, कसं दिसतं ते सांगायचं नाही, नाहीतर शक्ती जाते.” मी उठून दिवा लावला, ती पट्टी स्वतः बांधली आणि हनुवटी वर केली. नाकाच्या दोन्ही बाजूंना फटीतून उजेड येत होता. हातातल्या पावतीवरचा माझ्या मुलीचा नाव-पत्ता मी सगळा वाचला.

पैशांपेक्षा मला हे जास्त लागलंय. दोन-अडीच महिने माझी पोर खोटं बोलत होती, आणि ती जितकं सफाईने खोटं बोलेल तितके मी तिचे मुके घेत होते.

ही युक्ती नवीही नाही. १९६०च्या दशकात सोव्हिएत रशियात रोझा कुलेशोवा नावाची बाई बोटांनी वाचते म्हणून गाजली होती. तेव्हाच, १९६६ मध्ये, अमेरिकन विज्ञानलेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं होतं की पट्टीखालून, नाकाच्या कडेने बघता येतं आणि जादूगारांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. अतींद्रिय शक्ती सिद्ध करा आणि एक लाख रुपये न्या, हे श्रीलंकेतले बुद्धिवादी अब्राहम कोवूर यांचं आव्हान १९६३चं. त्यांच्या हयातीत ते कुणालाही जिंकता आलं नाही.

मग मी तक्रार करायला निघाले. शाळेत विचारलं तर “आम्ही फक्त हॉल दिला होता.” मग वर्गावर्गात पत्रकं कुणी वाटली? शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले तर “खासगी क्लास आमच्या अखत्यारीत नाही.” पोलीस चौकीत दीड तास बसवलं आणि विचारलं, “मुलीला काही इजा झालीय का? मग सिव्हिल मॅटर आहे.” मी फसवणूक म्हटलं तर म्हणाले, “मॅडम, ४२० आता राहिलंच नाही, कलमं बदलली.” कलमं बदलली, गुन्हा नाही बदलला! जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, हे मी त्यांना सांगावं? महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं त्याच्या अनुसूचीत आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. त्यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. ते कोण, असं विचारल्यावर तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाने मला उद्या यायला सांगितलं. मी तीन उद्या गेले. तीन अर्ध्या रजा. चौथ्या वेळी साहेब म्हणाले, “शिकल्या-सवरलेल्या बाई तुम्ही, आधी विचार करायचा ना.” केला असता तर इथे आले असते का? ज्याने पैसे घेतले त्याला एक फोन करायला यांना वेळ नाही, मला उपदेश करायला आहे.

आणि पावती. त्यावर ‘मिडब्रेन’ हा शब्दच नाही. ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ लिहिलंय. जाहिरातीत एक आणि पावतीवर दुसरं असेल तर पैसे देऊच नका. दिले असतील तर पत्रक, व्हॉट्सॲपचे मेसेज, यूपीआयचे स्क्रीनशॉट, सगळं जपा. माझी ९,०००ची रक्कम रोख गेली, तिचा माझ्याकडे कागदच नाही.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. अर्जाआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जोडता येतो. तुमच्या भागात अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते असतील तर त्यांनाही गाठा. आणि घरी पोरांवर ओरडू नका. त्यांना जे शिकवलं तेच त्यांनी केलं.

माझ्याबरोबर त्या सतरंजीमागे बसलेले दहा-बारा पालक आहेत. त्यातल्या दोघींनी माझा फोन उचलला, दोघीही म्हणाल्या, “जाऊ दे ना, आपलंच हसं होईल.” त्या दोघींकडे पावत्या आहेत. माझी विनंती आहे, त्या फाडू नका.