उंचावरची विमानं बघायला बायनॉक्युलर घ्यायची की झूम कॅमेरा?

पस्तीस हजार फुटांवरचं विमान नाशिकच्या गच्चीवरून अगदी डोक्यावर आलं, तरी आपल्यापासून 10 किलोमीटर दूर असतं. 74 मीटर लांबीचं बोइंग 777 तेवढ्या अंतरावर पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा थोडंच लहान दिसतं. म्हणजे आकार हा प्रश्नच नाही. प्रश्न वेगाचा आहे. ते दर सेकंदाला जवळपास दीड अंश पुढे सरकतं.

10x50 (दहापट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिलिमीटर भिंगाच्या) बायनॉक्युलरमधून साधारण साडेसहा अंशांचं आकाश दिसतं. हात स्थिर धरला तरी विमान चार-पाच सेकंद नजरेत राहतं, आणि मान वळवत गेलात तर मिनिटभर. इंजिनं दोन की चार, शेपटीचा रंग, इंजिनामागे थोडी जागा सोडून सुरू होणारी पांढरी रेघ, सगळं कळतं. 8x42 आणखी हलकी. हात थरथरत असेल तर तीच घ्या. दिवसा 50 मिलिमीटरच्या भिंगाचा तसा काही फायदा नाही.

निकॉन पी900 सारखा 2000 मिलिमीटरपर्यंत झूम होणारा कॅमेरा एमिरेट्सच्या विमानाच्या पोटावरची लाल अक्षरंसुद्धा टिपतो. पण पूर्ण झूमवर जेमतेम एक अंश दिसतो, त्यामुळे विमान सेकंदभरातच चौकटीबाहेर. आधी झूम कमी ठेवून पकडायचं, मग हळूहळू वाढवायचं. हा सराव होईपर्यंत कार्डात निळं आकाशच भरतं. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या हवेत तर फोटो हमखास लिबलिबीत येतो. डिसेंबरची सकाळ बघा.

टेलिस्कोप या कामाला नकोच. शनीची कडी बघायची असतील तर गोष्ट वेगळी.

माझं मत विचाराल तर आधी बायनॉक्युलर आणि मोबाइलवर फ्लाइटरडार24, म्हणजे कुठलं विमान कुठे आहे ते नकाशावर दाखवणारं ॲप. कॅमेरा हौस टिकली तर वर्षभराने. शोधताना आवाजाच्या दिशेने बघू नका. आवाज खाली पोचायला अर्धा मिनिट लागतो, तोवर विमान सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आणि भिंग सूर्याजवळ चुकूनही न्यायचं नाही.

नाशिकजवळच्या ओझरकडून येणारी सुखोई लढाऊ विमानं मात्र ॲपवर बहुधा दिसत नाहीत. ती आपल्या गच्चीवरून खुशाल बघा. ओझरच्या धावपट्टीजवळ कॅमेरा काढायचा नाही, तो संरक्षण खात्याचा भाग आहे.