सोळा महिने, एक कुळागर आणि थारची नवी बॅटरी

गाडी २०१६ ची महिंद्राची थार, जुन्या सीआरडीई डिझेल इंजिनाची. गोव्यात वाळपईच्या पुढे आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे आणि वरच्या अंगाला काजूची बाग. डांबर संपलं की पुढे दीड-दोन किलोमीटर चिऱ्याच्या दगडातली चढण, मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. मार्च ते मे काजू, जूनच्या तोंडाला सुपारीवर बोर्डोची (मोरचूद-चुन्याची) फवारणी, पावसात झाड कुठे पडलंय का बघायला एखादी फेरी. एरवी गाडी अंगणात उभी. ज्यांची गाडी रोज पणजीला जाऊन येते त्यांना यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

आधीची बॅटरी अडीच वर्षांत गेली, तीही फवारणीच्या दिवशी. पंप, ड्रम, दोन गडी मागे बसलेले आणि व्हाळाच्या अलीकडे चावी फिरवली तर नुसतं टक्. परत फिरवली, परत टक्. शेजारच्या बागायतवाल्याच्या पिकअपवरून जंपर लावला, गाडी सुरू झाली, बागेत पोचून बंद केली आणि पुन्हा तेच. संध्याकाळी कशीबशी वाळपईला आणली. आमचे मेकॅनिक मेस्त, त्यांनी मीटर लावला, आकडा आला १०.४ व्होल्ट.

"एक सेल गेलो," ते म्हणाले. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. सरळ दोन व्होल्ट गायब म्हणजे एका सेलमध्ये आत प्लेटी शॉर्ट झाल्या. मग ते बॉनेटमध्ये वाकले आणि त्यांनी विचारलं, "पट्टी खंय?"

पट्टी नव्हतीच. बॅटरी दाबून धरणाऱ्या दोन आकड्यांपैकी (हुकांपैकी) एक गंजून तुटला होता, आणि मी तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली होती. तात्पुरती, म्हणून. दीड वर्ष. दगडावरून गाडी आपटत जाते तेव्हा सैल बॅटरी ट्रेमध्ये उड्या मारते, प्लेटींवरचा लगदा सुटून तळाशी साचतो आणि एक दिवस प्लेटींना पूल बांधतो. तेव्हा जुन्या बॅटरीच्या कंपनीला मी शिव्या दिल्या होत्या त्या परत घेतो. वॉरंटीवाले बघायला आले असते तर ती ट्यूबच त्यांना पुरली असती.

नवी घेताना आठवडाभर डोकं खाल्लं. मित्रमंडळींचे सल्ले तीन प्रकारचे. पहिला: एजीएम घे. दुसरा: जागा असेल तर सरळ १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज) टाक. तिसरा, पुण्याच्या मेहुण्याचा: लिथियम.

लिथियमचा विचार मी दहा मिनिटांत सोडला. वजन निम्म्याहून कमी, हे खरंच मोहात पाडणारं आहे. पण इंजिनच्या शेजारच्या उकाड्यात ती ठेवायची, तिच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सने व्हाळात मध्येच हात वर करायचा, आणि किंमत अशी की तेवढ्यात बागेला कुंपण होतं. मागे फ्रिज-दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवणाऱ्यांनी लिथियम जरूर बघावी.

एजीएमवर मात्र मी अडकलो होतो. तिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, त्यामुळे गाडी कलली तरी सांडत नाही, प्लेटी घट्ट दाबलेल्या असल्याने हादरे जास्त सोसते आणि चार्जही लवकर घेते. दगडातल्या गाडीसाठी हीच हवी असं कोणीही म्हणेल. पण मला दिलेला भाव साध्या बॅटरीच्या जवळजवळ दुप्पट होता, आणि एजीएमला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता आणि जास्त चार्जिंग. आतलं पाणी उडालं की परत घालता येत नाही. माझी गाडी एप्रिलच्या दुपारी लो-फोरमध्ये (चारही चाकं ओढणारी हळू गती) पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत चढते. समोरून वारा नाही, पंखा गरम हवा मागे ढकलतोय आणि बॅटरी त्याच भट्टीत बसलेली. तापमान दहा अंशांनी चढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना हिशेब आहे. बॅटरी कोणतीही असो, उष्णता तिला खाणारच. मग दुप्पट किमतीची का खायला द्यायची?

उलट बाजूही सांगतो. गाडीला विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं विजेचं यंत्र) असती तर मी एजीएमच घेतली असती. साडेनऊ हजार पौंड वजन ओढणारी विंच पूर्ण ताणावर ४०० अँपिअरच्या आसपास ओढते. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) त्याच्या जवळपासही पोचत नाही, उरलेलं सगळं बॅटरीतून जातं. २०१४ साली गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हापासून आमच्याकडे विंच लावायची हौस वाढली आहे. त्यातल्या निम्म्या विंचा फक्त बंपरची शोभा वाढवतात ते सोडा.

राहिला १०० एएचचा सल्ला. अल्टरनेटर मोठी बॅटरी भरत नाही हा गैरसमज आहे. गाडी पुरेशी चालली तर भरतो. अडचण वजनाची. ७० एएचची बॅटरी सतरा-अठरा किलो, १०० ची त्याहून पाच-सहा किलो जास्त, आणि ते सगळं त्याच पातळ पत्र्याच्या ट्रेवर. ट्रेला तडा गेलेली एक गाडी मी स्वतः बघितली आहे. शिवाय लांबी बसली पाहिजे. जुन्या बॅटरीवरचा कोड वाचायला शिका: उदाहरणार्थ ८०डी२६आर असं असेल तर डी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २६ म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, शेवटचं अक्षर टर्मिनलची बाजू. बाजू उलटी आली की केबल पोचत नाही, मग ती ताणून बसवायची आणि पुढच्या खड्ड्यात ती पत्र्यावर घासायची. हे धंदे नकोत.

सीसीए नावाचा आकडा सगळे दुकानदार तोंडावर फेकतात. उणे १८ अंशांत बॅटरी तीस सेकंद किती करंट देऊ शकते त्याचं ते माप. वाळपईला उणे अठरा कधी होईल ते तुम्हीच सांगा. एकाच आकाराच्या दोन बॅटरींत तुलना करायला तो बरा, त्यापलीकडे त्याच्यामागे धावू नये.

तर घेतली साधी, मेंटेनन्स-फ्री, ७० एएच, मूळ मापाची. २४ महिने मोफत बदली आणि पुढचे २४ महिने प्रो-राटा. प्रो-राटा म्हणजे बॅटरी गेली तर नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर सूट, आणि ती सूट महिन्यागणिक घटत जाते. शेवटी शेवटी तिचा उपयोग बेताचाच. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण त्या दर्जाच्या दोन-तीन कंपन्यांत फार फरक असेल असं मला वाटत नाही. फरक पडतो तो बॅटरी किती ताजी आहे त्याने. म्हापशाच्या एका दुकानात मला जी काढून दिली तिच्यावर नऊ महिन्यांपूर्वीची तारीख होती. मीटर बरोबर होता, लावला: १२.३८. दुकानदार म्हणाला, "गाडीवर चढली की भरेल." फडताळावर अर्धवट उतरून पडलेल्या बॅटरीच्या प्लेटींवर सल्फेटचा थर धरलेला असतो, तो सगळा परत जात नाही. मी नमस्कार करून निघालो. साखळी गावात दीड महिन्यापूर्वीची मिळाली, १२.६८. किंमत आठ हजारांना थोडी कमी, जुनी बॅटरी परत देऊन. जुनी दुकानातच द्या. भंगारवाला शंभर रुपये जास्त देईलही, पण तो ॲसिड कुठे ओततो ते विचारा.

मेस्तांनी तिच्याबरोबर दोन नवे आकडे, वरून लोखंडी पट्टी आणि खाली रबराची जाड चटई असं सगळं बसवलं. तीनशे-साडेतीनशेचा खर्च. या संपूर्ण खरेदीतले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे तेच. हाताने जोर लावून बॅटरी हलवून बघितली, गाडी हलली, बॅटरी नाही.

आता वापर. पहिला पाऊस. कामासाठी चार आठवडे पुण्याला होतो, गाडी अंगणात. परत आलो तर १२.२८. गाडी सुरू झाली, पण कुंथत. मीटर अँपिअरवर लावून मायनसच्या केबलच्या मध्ये जोडला. गाडी बंद, दारं लावलेली, आणि तरी ४५ मिलिअँपिअर जात होते. त्यातले तीस ट्रॅकरचे (गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र), बाकी स्टिरिओ वगैरे. दिसायला किरकोळ. पण दिवसाला एक एएचपेक्षा जरा जास्त, चार आठवड्यांत तीस. सत्तरातले तीस गेले. बॅटरी सतत अर्धी राहिली की तिचं आयुष्य सरतं, आणि आपल्याकडे पावसात कितीतरी गाड्या अशाच उभ्या असतात.

म्हणून मायनसवर कट-ऑफ स्विच बसवला. ट्रॅकरची स्वतःची छोटी बॅटरी थोडे दिवस तग धरते, स्टिरिओचं घड्याळ मात्र दर वेळी बारावर येतं. इंजिन चालू असताना हा स्विच चुकूनही फिरवू नका. अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि कंट्रोल युनिट जळू शकतं. या वर्षीच्या पावसात गाडी पाच आठवडे उभी होती, आकडा १२.५८.

व्हाळातून गेल्यावर बॅटरीच्या झाकणावर लाल चिखलाचा थर बसतो. एकदा सहज काळा प्रोब मायनसवर ठेवून लाल प्रोब त्या ओल्या चिखलात टेकवला, तर मीटरवर दीड व्होल्ट. म्हणजे झाकणावरूनच वीज झिरपत होती. तेव्हापासून घरी आल्यावर फडक्याने पुसतो. टर्मिनलवर पांढरं-निळं फूल धरतं ते खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, वरून व्हॅसलिन. आमच्या दमट हवेत चार महिन्यांनी एकदा तरी लागतंच.

नवव्या महिन्यात मात्र ही बॅटरी माझ्या मनातून उतरली होती. काजूचा हंगाम ऐन भरात, बोंडांच्या टोपल्या मागे भरलेल्या, भट्टीवर पोचायचं होतं, आणि सेल्फ (स्टार्टर) जड फिरायला लागला. झाकणावरचा हिरवा डोळा हिरवाच. (तो डोळा सहापैकी एकाच सेलचं सांगतो, त्याच्यावर जास्त विसंबू नये.) उभ्या गाडीत १२.६. मी दुकानात भांडायला जायच्या तयारीत होतो. मेस्तांनी मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरा थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरला आणि म्हणाले, "मार सेल्फ." आकडा आला ०.९. तिथे ०.२-०.३ च्या वर काही दिसायला नको. इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली हिरवी पडून कुजली होती. ती बदलली, जागा घासून चकचकीत केली, आणि सेल्फ परत पहिल्यासारखा. आता सेल्फ मारताना व्होल्टेज १०.३ च्या खाली जात नाही, ९.६ च्या खाली गेलं तर काळजी करायची. किती लोकांनी या एका पट्टीपायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या असतील कोण जाणे.

तक्रारी दोन. एक, हँडल. प्लॅस्टिकची दोरी पहिल्याच उचलण्यात एका बाजूने निघाली. दुसरी, वॉरंटी कार्डावर दुकानदाराने तारीख अशी घातली होती की सहा आहे की आठ कळेना. तिथेच उभं राहून नीट लिहून घेतली.

आज सकाळी बॉनेट उघडलं तेव्हा रात्रभर उभ्या गाडीत १२.६१ होते, सुरू केल्यावर १४.२, दिवे-पंखा लावून गरम इंजिनवर १३.९. मोफत बदलीचे आठ महिने अजून बाकी आहेत. सायकलच्या ट्यूबची ती पट्टी मेस्तांनी त्यांच्या दुकानातल्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे, आणि कोणी सैल बॅटरी घेऊन आलं की तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बोट दाखवतात.